झिजेचा धनी

नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तेव्हा सराफाच्या पेढीवरचा शब्द वापरतो, याची आता फारशी कुणाला आठवण नसते. झिजलेल्या, परमुलखातल्या किंवा शंकास्पद नाण्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम कापून घेतली जाई, तो बट्टा. ‘वटवणे’, ‘वटाव’, हिशेबाच्या वहीतली ‘कसर’ आणि ज्याला काहीच कापले जात नाही तो ‘बंदा रुपया’, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. जिथे भाषेत इतके शब्द रुजले, तिथे पैशाची झीज ही रोजची बाब असली पाहिजे. नाणे हजार हातांत गुळगुळीत होते, नोट हजार खिशांत मळते. नुकसान मात्र ज्याच्या हातात ती शेवटी सापडते त्याच्या एकट्याच्या पदरी पडते. सातारा जिल्ह्यातल्या वडूजसारख्या तालुक्याच्या गावावरून पाहिले तर या अन्यायाचा इतिहास स्वच्छ दिसतो. झीज आपल्या अंगावर घ्यायचे सरकारने तत्त्व म्हणून कधीच कबूल केले आहे, पण ते कचेरीच्या खिडकीपुरते. खिडकीपर्यंतच्या वाटेवर बट्टा जिवंतच राहिला.

पेशवाईत टांकसाळीचा परवाना सोनारांना ठरलेल्या रकमेवर दिला जाई, त्यामुळे एकाच मुलखात अनेक छापांचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, बागलकोटकडची मल्हारशाही अशी त्यांची नावे. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा भाव वेगळा. तांब्याची शिवराई तर राज्य गेल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बाजारात फिरत होती. हा गोंधळ निस्तरायला गावगाड्यात पोतदार होता. नाणे पारखून सरकारी भरण्यात घ्यायचे की नाही हे तो सांगे, आणि हे काम सहसा सोनाराकडे असे. आडनाव उरले, काम गेले. यावर कुणी म्हणेल, सराफाने बट्टा घेतला तर बिघडले काय? तो पारख करीत होता, खोट्या नाण्याची जोखीम उचलत होता, त्याच्या श्रमाचे मोल नको? हा आक्षेप निम्मा खरा आहे. पारखीचे मोल रास्तच होते. पण ते ठरवणारा आणि घेणारा एकच होता, आणि देणाऱ्याकडे दुसरा तराजू नव्हता. साऱ्याच्या हप्त्याच्या दिवशी ठरावीक छापाचाच रुपया भरायचा असेल, तर कुणब्याला घासाघीस करायला सवडही नसे.

कंपनी सरकारने 1835 मध्ये सगळ्यांसाठी एकच रुपया काढला, 180 ग्रेन वजनाचा, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख थेट त्या रुपयाच्या अमलाखाली आला. छापांचा गोंधळ मिटला, झिजेचा नाही. 1906 च्या नाणे कायद्यात एक मोठी गोष्ट होती: प्रमाण वजनापेक्षा शेकडा दोनपर्यंत कमी भरणारा रुपया पूर्ण किमतीचा मानलेला होता. 3.6 ग्रेनची ही सूट म्हणजे वापराने होणारी घट सरकारची, ही लेखी कबुलीच. पण त्याच कायद्यात दुसरी धारही होती. त्याहून हलके किंवा विद्रूप केलेले नाणे अधिकाऱ्यापुढे आले, तर त्याने ते कापून टाकायचे. म्हणजे कचेरीत झिजका रुपया घेऊन जाणाऱ्याला तो परत मिळेल की त्याचे दोन तुकडे मिळतील, याची खात्री नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? सराफाकडे जाईल आणि थोडे कमी घेऊन मोकळा होईल. कायद्याने बट्टा बंद केला नाही. उलट त्याला गिऱ्हाईक पाठवले, असे मी म्हणेन. गळ्यात घालायला कडी डाखलेले राणीछाप रुपये तर कायद्याच्या दृष्टीने बिघडलेलेच. त्यांची किंमत चांदीच्या वजनाची.

येरळा नदीच्या दोन्ही अंगांना झिजेचा हिशेब जाणणारी माणसे कमी नाहीत. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागातले लोक गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगले. जुने सोने-चांदी आटवायचे, शुद्ध करायचे, घट काढायची. त्यांच्या धंद्यात दयामाया नाही, पण वजनापुरता न्याय आहे. सोने झिजले तरी उरले तेवढे सोनेच राहते. कागदाचे तसे नाही. 1861 च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या तेव्हा नोट आपल्या चलन-मंडळापुरतीच, म्हणजे ठरवून दिलेल्या मुलखापुरतीच चालायची, आणि रोख रुपये मागण्याचा हक्क मुंबईसारख्या ठिकाणच्या कचेरीतच. लोक टपालातल्या चोरीच्या भीतीने नोटेचे दोन तुकडे करून एक आधी पाठवीत, पोच आली की दुसरा. 1880 मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाल्यावर या कसरतीची गरज कमी झाली. पुढे मुंबईच्या गिरण्यांतून कोरडवाहू खटाव-माणात येणारा पैसाही तिनेच आला.

1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या 1934 च्या कायद्याचे 28 वे कलम या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, फाटलेल्या किंवा अपुऱ्या नोटेची किंमत कुणालाही हक्काने मागता येणार नाही, असे ते म्हणते. बँक नियम करून ती देईल, पण अनुग्रह म्हणून. लोकांचा कागदावरचा भरवसा तेव्हा किती होता, ते युद्धकाळात दिसले. राणी व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयांचे चलन 1941 मध्ये थांबवले, निम्म्याच चांदीचे नवे रुपये आणि एक रुपयाची नोट आली, आणि जुने रुपये कनवटीतून गाडग्यात गेले. ‘छोडो भारत’ चळवळीत 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. ज्या सत्तेच्या नोटेवर विश्वास ठेवायचा, तिची गावातली खूण हीच कचेरी होती.

‘अनुग्रह’ या शब्दाचे समर्थन करणारे एक भक्कम कारण देतात. प्रत्येक तुकड्याचे पैसे हक्काने मिळू लागले, तर लोक नोटा कापून दोनाच्या तीन करतील. धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर शोधून झालेले आहे. नोटेच्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याचे क्षेत्रफळ मोजायचे. आजच्या नियमांप्रमाणे पन्नास रुपयांच्या आणि त्यावरच्या नोटेचा हा तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असला तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असला तर निम्मी, त्याहून कमी असला तर काही नाही. ही मोजपट्टी म्हणजे पोतदाराचा तराजूच, फक्त आता तो सर्वांना सारखा. मोजमाप इतके निश्चित असताना हक्क नाकारण्याचे कारण उरत नाही. शिवाय नुसत्या मळक्या किंवा दोन तुकड्यांच्या, पण दोन्ही तुकडे जवळ असलेल्या नोटा कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळाव्यात, त्यासाठी मुंबई-बेलापूरची कचेरी गाठावी लागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे. तरी शहरांच्या पदपथांवर ‘फाटक्या नोटा बदलून मिळतील’ अशी पाटी लावून बसणारा माणूस आपले कमिशन कापून घेतो आणि त्याचा धंदा चालतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही; तो सराफाचा वारस आहे.

मोबाइलवरच्या व्यवहारांनी हा प्रश्न कालबाह्य केला, असेही म्हटले जाते. मोठ्या रकमांपुरते ते खरे. पण चिल्लर आणि लहान नोटा अजून आठवडे बाजारातच फिरतात, आणि नियमांची खरी मेख तिथेच आहे. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्मी किंमत नाही. अखंड तुकडा निम्म्याहून मोठा असला तर पूर्ण, नाहीतर शून्य. सर्वांत जास्त हात लागतात ते याच नोटांना. दहा रुपयांच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना कायदेशीर चलन म्हणून मान्यता आहे, असे 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, कारण दुकानदार ते नाकारत होते. खोट्याच्या संशयाने खऱ्यालाही बट्टा. वीस रुपयांची चिरलेली नोट घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहायचे, तर भाजीवालीचा बाजाराचा दिवस मोडतो. म्हणून ती नोट चिकटपट्टी लावून, घडी घालून, गड्डीच्या मधोमध सरकवली जाते आणि संध्याकाळच्या घाईत मोड म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात जाते.