कुलूप भक्कम, किल्ली कच्ची

आजचा विषय आहे ब्राउझरमधली क्रिप्टो वॉलेट आणि त्यांतल्या त्रुटी शोधण्याचं काम. पण मी पडलो जुना फौजी. सुरुवात युद्धापासूनच करतो.

१९४३ साली अमेरिकी सैन्याच्या आर्लिंग्टन हॉलमध्ये सोव्हिएत गुप्त संदेश फोडण्याचं काम सुरू झालं. ती पद्धत अभेद्य मानली जाई. प्रत्येक संदेशाला कसलाही क्रम नसलेल्या आकड्यांचं नवं पान वापरायचं, आणि ते पुन्हा वापरायचं नाही. पण १९४२ मध्ये युद्धाच्या धांदलीत काही पानं दोनदा छापली गेली. लेफ्टनंट रिचर्ड हॅलॉक या पुरातत्त्वाच्या अभ्यासकानं ती पुनरुक्ती पकडली. पुढे या मोहिमेला ‘व्हेनोना’ हे नाव मिळालं. पद्धत निर्दोष होती. चूक किल्ल्या बनवण्यात झाली होती.

आता वॉलेटकडे येऊ. वॉलेटमध्ये नाणी नसतात, किल्ली असते. ती सहसा बारा इंग्रजी शब्दांत लिहून मिळते. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडले जातात. निवड खरोखर बेभरवशाची असेल, तर शक्य किल्ल्यांची संख्या तीनावर अडतीस शून्यं इतकी मोठी होते. कोणीही मोजत बसू शकत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लेजर कंपनीच्या ‘डॉन्जॉन’ पथकानं ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये नेमकी ही निवडच तपासली. शब्द ‘मर्सेन ट्विस्टर’ या रीतीनं निघत होते. गणिती प्रयोगांना ती उत्तम, गुप्ततेला निरुपयोगी. शिवाय तिची सुरुवात फक्त ३२ बिटांच्या आकड्यानं होत होती. म्हणजे एकूण शक्य किल्ल्या सुमारे ४२९ कोटी! माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. संगणक मात्र त्या सगळ्या किल्ल्या बनवून ब्लॉकचेनवरच्या पत्त्यांशी ताडून पाहू शकतो. १४ ते २३ नोव्हेंबर या काळात एक्स्टेन्शनमध्ये बनलेली वॉलेट धोक्यात होती. कंपनीनं कोड दुरुस्त केला, एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण जाहीर केलं. तोवर सुमारे १,७०,००० डॉलर चोरीला गेले होते.

याहून जुनं प्रकरण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं. ‘अनसायफर्ड’ ही कंपनी एका ग्राहकाचं अडकलेलं वॉलेट उघडण्याच्या खटपटीत होती. तेव्हा लक्षात आलं की २०११ ते २०१५ दरम्यान बिटकॉइनजेएस वापरून ब्राउझरमध्ये बनलेल्या अनेक वॉलेटच्या किल्ल्या कच्च्या असू शकतात. कोडमध्ये नेटस्केपच्या जमान्यातली एक तपासणी राहून गेली होती. तिच्यामुळे ब्राउझरचा सुरक्षित आकडे देणारा स्रोत वापरलाच जात नव्हता, आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नव्हती. वॉलेट व्यवस्थित चालत होतं, म्हणून वापरणाऱ्याला शंका येण्याचं कारण नव्हतं.

फौजेत पहारा तपासताना फाटक बंद आहे एवढं पाहून भागत नाही. किल्ली कोणी बनवली, हेही विचारावं लागतं.

तुमच्यापैकी कोणी त्या वर्षांत हौसेनं वॉलेट उघडून विसरून गेलं असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट केल्यानं जुनी किल्ली बदलत नाही. नवं वॉलेट बनवून रक्कम तिकडे हलवावी लागते. आणि ‘तुमची किल्ली तपासून देतो’ असं म्हणणाऱ्याला ते बारा शब्द कधीही सांगू नका. ते सांगितलेत, तर त्याला त्रुटी शोधण्याचेही कष्ट उरत नाहीत.

जय हिंद.