तळ्यातील गाळ, शेतातील धन

नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबादच्या दक्षिणेस गुडीहत्नूर लागते. भोवती कपाशीची काळी जमीन. मृगाच्या सरी कोसळल्या की ओढे गढूळ होतात. त्या गढूळ पाण्यातून नुसती मातीच वाहून जात नाही. शेतकऱ्याने पदरमोड करून घातलेल्या खतातील फॉस्फरसही जातो.

१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने शोधलेले हे मूलद्रव्य पिकाला जीवन देते. पण तळ्यात ते वाजवीपेक्षा अधिक साचले की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. १९७३ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले. कार्बन व नत्र दोहोंत घातले, फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग हिरवागार झाला.

हा फॉस्फरस बहुतांशी मातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतो. पाणी तळ्यात थांबले की कण तळाशी बसतात. म्हणूनच पावसाचे पाणी अडविणारी तळी हल्ली या कामी योजतात. परंतु तळाशी प्राणवायू उरला नाही, तर लोहाशी जखडलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. तळे ही ठेव सांभाळते, कायमची पचवीत नाही. ती उचलणे माणसाचे काम.

आपल्याकडे हे काम जुने आहे. तेलंगणात काकतीयांच्या काळी, तेराव्या शतकात, रामप्पासारखे तलाव झाले. उत्तरेस चंद्रपूर-भंडारा भागात गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने असंख्य तलाव बांधले. रसायनशास्त्र कोणास ठाऊक नव्हते. पण तळ्याचा गाळ म्हणजे खत, हे कुणब्याला कळत होते. उन्हाळ्यात तो बैलगाडीने शेतात जाई. त्यामुळे तळे खोल राही आणि रान कसदार.

१९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली. कुळांना न्याय मिळाला, तो योग्यच. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळाला धनी उरला नाही. पुढे पोत्यातले खत आले, तेव्हा गाळाची आठवणही पुसट झाली.

तेलंगणात २०१५ साली ‘मिशन काकतीय’ आणि महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनांनी तो दुवा पुन्हा जोडू पाहिला. कपाशीवर औषधे फवारली जातात, म्हणून गाळ आधी तपासून घ्यावा, हे खरे. परंतु योजना काही वर्षांची असते, पाऊस दरवर्षीचा. जे गाव आपल्या तळ्याचा गाळ आपला मानील, त्याचेच पाणी निर्मळ राहील.