आधी रस्त्याने बोलावं

गाडीने रस्त्याशी आणि दुसऱ्या गाडीशी बोलावं, म्हणजे अपघात टळतील आणि कोंडी फुटेल, ही कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्रीय रस्तेखात्याने तिची चाचणी घेतली होती. चालकाने बोटाने चकत्या फिरवून मुक्कामाचा सांकेतिक शब्द लावायचा. चौकात डांबराखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी गेली की कडेच्या यंत्राला तो कळायचा आणि कुठे वळायचं ते गाडीत उमटायचं. यंत्रणा चालत होती, पण देशभरचे चौक खोदण्याचा खर्च मोठा होता; १९७०मध्ये पैसा थांबला. जपानने १९७३मध्ये तसंच काम हाती घेतलं आणि पुढे टोकियोच्या नैऋत्य भागात हजाराहून अधिक गाड्यांवर प्रयोग केला. तेव्हापासूनचा इतिहास पाहिला की माझं एक मत पक्कं होतं. हे काम तंत्रापायी फारसं अडलं नाही, पहिला शब्द कोणी बोलायचा यावर अडलं. सरकारने रस्त्याला आधी बोलतं केलं तिथे ते रुजलं.

जपानला ते जमलं याची मुळं वेगळ्याच संकटात आहेत. १९७०मध्ये तिथे रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. लोक त्याला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी रस्ता सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला, पदपथ, कठडे, सिग्नल वाढले आणि शहरोशहरी पोलिसांची वाहतूक नियंत्रण केंद्रं उभी राहिली. सिग्नल चालवायला गाड्या मोजाव्या लागतात, म्हणून रस्त्यांवर संवेदक आले. रस्त्याला आता सांगण्यासारखं काही होतं. एप्रिल १९९६मध्ये ‘व्हिक्स’ ही सेवा सुरू झाली ती या माहितीच्या जोरावर. साध्या रस्त्यांवर अवरक्त किरणांनी गाडीला माहिती पाठवणारे बीकन, द्रुतगती मार्गांवर रेडिओ बीकन आणि सगळीकडे एफएमच्या लहरी. गाडीतल्या नकाशावर तुंबलेला रस्ता लाल, गर्दीचा नारिंगी, मोकळा हिरवा. मासिक वर्गणी नाही. पोलीस, बांधकाम आणि टपाल-दूरसंचार अशी तीन खाती त्यासाठी एकत्र आली. माझ्या मते कुठल्याही उपकरणापेक्षा हे अवघड होतं.

टोकियोच्या शहरी द्रुतगती मार्गावर सांगुबाशी नावाचं एक तीव्र वळण आहे. वळणापलीकडे रांग थांबलेली असली तरी येणाऱ्याला ती दिसत नाही आणि तो मागून आदळतो. २००५मध्ये तिथे संवेदक लावून, पुढे गाडी उभी आहे हा इशारा वळणाआधीच्या बीकनवरून मागच्या चालकांच्या पडद्यावर पाठवण्यात आला. त्या काळात अपघात घटल्याची नोंद झाली. पुढची उभी गाडी जुनी, बिनयंत्राची असली तरी चालत होतं, हे इथे महत्त्वाचं. तिच्या वतीने रस्ता बोलत होता.

अमेरिकेने भर दिला तो गाडी-गाडीतल्या संवादावर. १९९९मध्ये त्यासाठी ५.९ गिगाहर्ट्झभोवतीचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखला गेला. गाडीने सेकंदाला दहा वेळा आपली जागा, वेग, दिशा सांगायची. २०१२मध्ये अ‍ॅन आर्बर शहरात अडीच हजारांहून अधिक गाड्यांवर मोठी चाचणीही झाली. पण हिशेब कठोर आहे. शंभरातल्या दहा गाड्यांत यंत्र असेल, तर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. पहिल्या खरेदीदाराला त्यातून जवळपास काहीच मिळत नाही. यावर उपाय सक्तीचाच होता. २०१६च्या अखेरीस तसा मसुदा आला, पण नियम झाला नाही, आणि २०२०मध्ये राखीव पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापराला देण्याचं ठरलं.

जपानमधले रस्त्यांवरचे मृत्यू तर १९७९पर्यंत साडेआठ हजारांवर आले होते, व्हिक्सच्या कितीतरी आधी. मग या खटाटोपाचं श्रेय काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. कठडा आणि पदपथ यांची जागा कोणताही बीकन घेणार नाही, आणि ज्या देशात ते नाहीत त्याने पैसा आधी तिथेच घालावा. बीकन उपयोगी पडतो तो कठड्यांनंतर उरलेल्या, सांगुबाशीसारख्या जागी. दुसरा आक्षेप मोबाइलचा: कोंडी तर आता फोनही दाखवतो. दाखवतो, आणि छान दाखवतो; पण तो बहुतांशी गाड्या मंदावल्यावरून अंदाज बांधतो, तर वळणापलीकडच्या गाडीची खबर काही सेकंदांतच मिळायला हवी. शिवाय ती माहिती कंपनीच्या मालकीची. मार्च २०११च्या भूकंपानंतर होंडाने आपल्या गाड्या कुठून गेल्या ते प्रसिद्ध केलं, पुढे इतर कंपन्यांची माहितीही त्यात मिळवली गेली, तेव्हा कुठले रस्ते चालू आहेत याचा नकाशा मदतीला निघालेल्यांच्या हाती आला. ही माहिती एकत्र करायची तजवीज संकटाआधीच असायला हवी. सार्वजनिक यंत्रणा जुनाट होते, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. व्हिक्सचे द्रुतगती मार्गांवरचे जुने रेडिओ बीकन मार्च २०२२मध्ये बंद झाले. त्यांचं काम टोलच्याच उपकरणातून चालणाऱ्या नव्या सेवेकडे गेलं होतं, एफएम चालू राहिलं, म्हणून जुन्या संचांनाही नकाशावर कोंडी दिसत राहिली.