उद्गारचिन्हाला तीन ठोके

घाटकोपरमधल्या पंतनगरच्या टायपिंग क्लासात मी 1979 साली शिकायला गेले आणि पुढे तिथंच शिकवायला लागले. खोलीत दहा यंत्रं, बहुतेक गोदरेजची. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर 1955 साली गोदरेजनंच काढला, आणि त्यांचा कारखाना तर आमच्या शेजारी विक्रोळीला. त्यामुळे ती यंत्रं आम्हाला घरचीच वाटत.

इंग्रजी बोलायची आम्हा मराठी शाळेतल्या मुलींना चोरी. मायना मात्र पटकन कळला. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्या भावाला 'चिरंजीव' आणि परक्याला 'रा. रा.' लिहिणाऱ्या घरातल्या आम्ही. 'डिअर सर'खाली 'युवर्स फेथफुली' आणि आडनाव घालून लिहिलं तर 'युवर्स सिन्सिअरली', यात नवल ते काय? क्लासच्या सरांनी खूणही सांगून ठेवली होती: सर आणि सिन्सिअरली, दोन एस एका पत्रात नांदत नाहीत.

घरगुती इंग्रजीशी यंत्राचंच वाकडं होतं. 'डू नॉट' सरळ उमटायचं. 'डोन्ट' म्हटलं की शिफ्ट दाबून आठाची कळ मारा, कारण अपॉस्ट्रॉफी आठाच्या डोक्यावर बसलेली. उद्गारचिन्हाला तर कळच नव्हती. आधी अपॉस्ट्रॉफी, मग बॅकस्पेस, मग त्याच जागी पूर्णविराम. एका 'अरे वा'ला तीन ठोके! मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेला बसलेली पोरं कशाला त्या भानगडीत पडतील? साहेबी इंग्रजी आमच्या बोटांत बसलं ते असं. त्याचा अर्थ सवडीनं कळत गेला. 'आय बेग टु स्टेट', 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' ही विलायतेत मागे पडलेली वाक्यं आमच्या अर्जांत ठणठणीत होती. मीही ती शेकड्यांनी बडवलीत.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत आमच्या घाटकोपरचेच डॉक्टर, खाणकामगारांना औषध देता देता युनियनमध्ये शिरलेले. वर्ष उलटलं तसे गिरणीतले लोक दुसरीकडच्या नोकरीसाठी अर्ज टाइप करून घ्यायला आमच्याकडे येऊ लागले.

त्यातले एक गृहस्थ शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, "लिहा ताई, बायको अंथरुणाला खिळलीय, पोरगी दहावीला आहे, पडेल ते काम करीन." मी ठोकलं, 'ओइंग टु डोमेस्टिक सर्कमस्टन्सेस'. वर एक कोरा कागद, खाली दोन कार्बन. संपल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

"यात बायको कुठं आली?" त्यांनी विचारलं.

मी 'डोमेस्टिक'वर बोट ठेवलं. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला, कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि पैसे किती झाले ते विचारलं.