गाडी खाली बसवताना

उसाच्या हंगामात सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. ट्रॅक्टरमागच्या चारचाकी ट्रॉलीचा पुढचा अख्खा ॲक्सल वळतो. फार वळला की चाकं ट्रॉलीखाली जातात, आधार अरुंद होतो आणि ओझं कलंडू शकतं. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र आपापल्या जागी वळतात. मला या जोडीत स्टिअरिंगचा दोनशे वर्षांचा इतिहास दिसतो.

युरोपातल्या घोडागाड्याही ट्रॉलीसारख्याच वळत. म्युनिकचा गाडी-कारागीर लांकेनस्पेर्गर याने दोन्ही चाकं वेगवेगळी वळवणारी रचना केली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन याने १८१८मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे नावही ॲकरमनचंच झालं. तत्त्व सोपं आहे : आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं. कार्ल बेंझची १८८६ची मोटार तीनचाकी होती, कारण चार चाकांसाठी मनासारखं स्टिअरिंग त्याला जमलं नव्हतं. १८९३मध्ये ते जमलं.

पण चाक नुसतं वळत नाही, वरखालीही होतं. १९३४मध्ये जनरल मोटर्सने, मॉरिस ऑली या इंजिनिअरच्या कामातून, पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. अशा गाडीत खड्डा आला की चाक सस्पेन्शनच्या दांड्यांवर एका कमानीत फिरतं, तर त्याला वळवणारा टाय रॉड दुसऱ्या कमानीत. कमानी जुळल्या नाहीत, तर स्टिअरिंग स्थिर धरूनही चाक वळतं. हाच बंप स्टिअर.

१९६१पासून मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ही इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. तिच्याच सांगाड्यातून पुढे १९६२ची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आली. अशी जुनी गाडी देखणी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा घालून खाली बसवतात. कंपनीने कमानी मूळ उंचीभोवती जुळवलेल्या असतात. गाडी खाली आली की चाक त्या पट्ट्याच्या टोकाला काम करू लागतं.

"अलाइनमेंट केलं की झालं," असं मी पुष्कळदा ऐकतो. अलाइनमेंट होतं ते उभ्या गाडीचं. खरी तपासणी वेगळी : स्प्रिंग काढायची, जॅकने चाक थोडं थोडं उचलायचं आणि दर टप्प्याला ते किती आत-बाहेर वळलं ते मोजायचं. मग स्टिअरिंग रॅकची उंची बदलून किंवा टाय रॉडचं बाहेरचं टोक वरखाली करून कमानी पुन्हा जुळवायच्या. हे जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

साताऱ्याकडे पसरणी घाटात, वळणावर, एक चाक खड्ड्यात गेलं, तर गाडी कुठे वळणार हे तुमच्या हातांनी ठरवायला हवं, खड्ड्याने नव्हे.