शार्ङ्ग ते टेकडाउन: धनुष्याची गोष्ट की सरसाची?

विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणून तो शार्ङ्गपाणी. हा शब्द 'शृंग'वरून आला, म्हणजे शिंगापासून बनलेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शस्त्रांच्या यादीत ताड, बांबू आणि लाकडाच्या धनुष्यांबरोबर शिंगाचं धनुष्य आहे. पण शिंगाचं धनुष्य करायचं कसं? त्याचं उत्तर आज गॅरेजमध्ये टेकडाउन, म्हणजे सुटं करता येणारं धनुष्य बनवणाऱ्यांनाही लागू पडतं.

आधी थोडं मेकॅनिक्स. मुठीच्या वर-खाली जे वाकणारे भाग असतात त्यांना इंग्रजीत 'लिंब' म्हणतात. आपल्याकडे लिंब झाडाला लागतं, म्हणून आपण 'पातं' म्हणू. दोरी ओढली की पात्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि तुमच्याकडची दाबली जाते. मधल्या भागावर हा ताण-दाब अगदी कमी असतो. मग प्रत्येक जागी त्या कामाचा माणूस नेमायचा! ताणाच्या बाजूला जनावराच्या स्नायुबंधाचे धागे, दाबाच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, मध्ये लाकूड. मध्य आशियापासून तुर्कस्तान आणि हिंदुस्थानापर्यंत हेच डिझाइन चाललं.

हे सगळं धरून ठेवत होता सरस. आणि घोळ तिथेच होता. सरस कातड्याचा असो की माशाचा, दमट हवेत ओलावा शोषतो आणि मऊ पडतो. म्हणजे अशा धनुष्याचा खरा शत्रू पावसाळा.

हिंदुस्थानात मोगल काळात आणि नंतरही पोलादी धनुष्यं बनत होती. त्यांना सरसाची गरजच नव्हती. त्यातली काही तर मुठीपाशी स्क्रूने दोन तुकड्यांत सुटी होत. म्हणजे टेकडाउनची कल्पना आपल्याकडे जुनीच! पण पोलादाचं पातं जड. ओढताना साठवलेल्या ऊर्जेतला बराच भाग बाण सोडताना पात्यालाच हलवण्यात खर्च होतो.

गाडी पुढे सरकली ती विसाव्या शतकात. १९३०च्या दशकात बेल लॅब्जचे भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी धनुष्याची रीतसर मोजमापं घेतली आणि गोल काठीपेक्षा सपाट, आयताकृती पातं सरस ठरतं हे मांडलं. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रेलिंगला फ्रेड बेअर यांच्या कारखान्यात फायबरग्लासच्या पट्ट्या लावलेली धनुष्यं मोठ्या संख्येने बनू लागली. स्नायुबंध आणि शिंग, दोघांचीही जागा काचेच्या धाग्याने घेतली. सरस जाऊन कृत्रिम गोंद आले, पुढे इपॉक्सी. आता ओलाव्याची भीती उरली नाही.

१९२०नंतर तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली ती थेट १९७२ साली, म्युनिकला. त्याच सुमारास टेकडाउन धनुष्य स्पर्धांमध्ये रुळू लागलं. मूठ वेगळी, पाती वेगळी, मध्ये बोल्ट. पण अट एकच: दोन्ही पाती जुळी हवीत. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ५ मिलिमीटरचं पातं ५.५ केलंत तर ते सुमारे ३३ टक्के ताठ होतं! रुंदी १० टक्के वाढवली तर फरक फक्त १० टक्के. म्हणून घरी करणारे मेपल किंवा बांबूच्या पट्ट्या टोकाकडे निमुळत्या घासतात, दोन्ही पात्यांना एकाच फळीतल्या पट्ट्या घेतात आणि एकाच साच्यावर चिकटवतात. पुढची बारीक दुरुस्ती जाडीला हात न लावता कडा घासून, म्हणजे रुंदीत.

आणि शिंगाच्या काळातली एक गोष्ट अजूनही बदललेली नाही. जिथे गोंद लावायचा ती बाजू खरखरीत आणि स्वच्छ हवी, बोटाचं तेलसुद्धा नको. दाब सगळीकडे सारखा हवा. फार आवळलंत तर गोंदच बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. असा सांधा ओढलेल्या अवस्थेत सुटला तर तुकडे तोंडाजवळून उडतात. म्हणून नवं पातं थोडं थोडं ओढून तपासायचं, डोळ्यांवर चष्मा लावून. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, कारण बाणाला मिळायची ती ऊर्जा पात्यांवरच उलटते.

इतिहासात नाव धनुर्धराचं होतं. पण प्रत्येक बाणामागे कुणीतरी महिनोन्महिने सरस वाळायची वाट बघत बसलेलं होतं. पुढच्या भागात भेटूच!