उपाय सांगणारी पत्रिका

दोष दाखविणाऱ्या लेखणीला वाचक पुष्कळ मिळतात. उपाय सांगणाऱ्या लेखणीला ते मागावे लागतात. सकाळीं वृत्तपत्र उघडावें, आटलेल्या विहिरी, तुटलेलीं जंगलें आणि नद्यांत सोडलेलें विषारी पाणी यांची हकीकत वाचावी, एक सुस्कारा टाकावा आणि कामाला लागावें, असा आपल्या घरोघरचा क्रम झाला आहे. त्या सुस्काऱ्याची आम्ही थट्टा करीत नाहीं. तो आम्हीही टाकतों. परंतु ‘मग करावयाचें काय?’ या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठींच चालविलेल्या लिखाणाचीही एक परंपरा आहे. तिच्यांतील एक प्रकरण आपल्याच वर्ध्यास घडलें, आणि तें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक आहे.

या परंपरेचा आरंभ मात्र त्याहून जुना आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांतील फटकारे सर्वांच्या लक्षांत राहिले; त्याच पुस्तकांत सुचविलेल्या योजना मात्र बहुतेक विसरले. डोंगरांवरील पालापाचोळा व मेलेल्या जीवांचें सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून न जातां शेतांत मुरावें, यासाठीं जागोजाग ताली व बंधारे घालावेत, ही त्यांतील एक. या पुस्तकाचा आरंभींचा कांहीं भाग ‘दीनबंधु’ पत्रानें छापला. पुढील भाग छापण्याचें धैर्य चालकांस झालें नाहीं. पुढें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. लोखंडी नांगराच्या कारखान्याचें तें पत्र. उद्योग कसा करावा हें सांगण्याची हौस तिच्या पानोपानीं दिसे. परंतु नातवंडांच्या हातीं काय उरेल, हा प्रश्न त्या उद्योगी काळास पडण्याचें कारण नव्हतें. लोखंड संपेल असें कोणास वाटत होतें?

तो प्रश्न उघडपणें विचारला गेला तो मगनवाडींत. १९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनांत ग्रामोद्योगांसाठीं स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत त्याचें ठाणें पडलें. मगनलाल गांधींच्या नांवावरून तिला मगनवाडी म्हणूं लागले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि चिटणीसपद जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्याकडे आलें. संघाचें मुखपत्र ‘ग्रामउद्योग-पत्रिका’ हेंही त्यांच्याच संपादकत्वाखालीं चालूं लागलें.

कुमारप्पांचा जन्म १८९२ सालीं तंजावरास एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. लंडनमध्यें ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईस त्यांनीं धंदा केला, आणि पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत सेलिग्मन यांच्या हाताखालीं त्यांनीं सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचें मूळ त्यांना त्या जमाखर्चांतच सांपडलें. १९२९ सालीं ते गांधीजींना भेटले, आणि गांधीजींनीं त्यांस व्याख्यानें देण्यास न पाठवितां खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्यांत गांवोगांव फिरून तेथील लोकांचें उत्पन्न व खर्च मोजण्यास पाठविलें. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या लिखाणाची किल्ली येथें आहे. सदरा बदलला, पण माणूस हिशेबनीसच राहिला.

या संघानें व त्याच्या पत्रिकेनें ज्या गोष्टींचा पाठपुरावा केला त्या पाहिल्या तर साहित्यप्रेमी वाचकाची थोडी निराशाच होईल. गिरणींत पांढरा केलेला तांदूळ खाण्यापेक्षां हातसडीचा कां खावा, साखरेऐवजीं गूळ, लांकडी घाणींत सुधारणा करून तेल अधिक कसें काढावें, मधमाशा कशा पाळाव्या, हातकागद कसा करावा, मैला आणि कचरा यांचें खत कसें करावें. परंतु या सामान्य वाटणाऱ्या विषयांमागील विचार सामान्य नव्हता. मगनवाडींत तयार झालेल्या ‘मगनदीप’ नांवाच्या कंदिलाचेंच उदाहरण घ्या. त्यांत घासलेटाऐवजीं वनस्पतींचें तेल जळे. घासलेटाचा दिवा अधिक सोईचा, हें कोणीही सांगेल. परंतु त्याचा पैसा गांवाबाहेर जातो, आणि भूमीच्या पोटांतून एकदां काढलेलें तेल पुन्हां तेथें भरत नाहीं. बी मात्र दरसाल येतें. तें वेंचणाऱ्यास व घाणा हांकणाऱ्यास मजुरी मिळते. पेंड जनावरांना किंवा शेताला जाते. एका दिव्याच्या वातीखालीं असा सगळा जमाखर्च मांडलेला असे.

हाच जमाखर्च पुढें त्यांनीं साऱ्या जगाचा मांडला. युद्धकाळांत सरकारनें चालविलेल्या चलनवाढीवर त्यांनीं कडक टीका केली. त्या वर्षांत त्यांस जबलपूरच्या तुरुंगांत दिवस काढावे लागले, आणि तेथेंच ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हें पुस्तक लिहून झालें. शाश्वततेचें अर्थशास्त्र असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. त्यांत त्यांनीं सृष्टीच्या संपत्तीचे दोन भाग केले. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबें हा सांठा. तो काढावा तितका कमी होतो. वाहतें पाणी, वाढणारीं झाडें हा ओघ. तो जपून वापरल्यास चालूच राहतो. सांठ्यावर उभारलेला संसार आज ना उद्यां भांडणावर येतो, कारण जें वाढत नाहीं तें दुसऱ्याकडून हिसकावूनच घ्यावें लागतें. ओघावर चालणारा संसार शांततेनें चालूं शकतो. प्राण्यांच्या व्यवहारांतही त्यांनीं पायऱ्या लावल्या: शिकार करून जगणारा वाघ, आयत्या बागेंत शिरणारें माकड, स्वतःचें घरटें बांधणारा पक्षी, पोळ्यासाठीं मध जमविणारी माशी, आणि सर्वांत वर, परतफेडीची अपेक्षा न ठेवतां पिलांना चारा भरविणारी पक्षीण. मनुष्यसमाजानें आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें पाहावें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

मग हे उपाय रुजले कां नाहींत? येथें भक्तिभाव बाजूस ठेवून बोललें पाहिजे. पहिली गोष्ट अशी कीं, ज्यांच्यासाठीं हें लिखाण होतें त्या खेडुतांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. वाचणारे शहरांतले, आणि ते हातसडीचा तांदूळ देणगी दिल्यासारखा विकत घेत. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुसळ ज्या बाईच्या हातांत होतें तिला गिरणीचा भोंगा सुटकेचा वाटला असेल, तर तिला दोष कोणीं द्यावा? जीवनसत्त्वांचा हिशेब झाला. तिच्या खांद्यांच्या दुखण्याचा तितका झाला नाहीं. तिसरी गोष्ट डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत फार कठोर शब्दांत सांगितली. खेड्याच्या गुणगौरवांत खेड्यांतील संकुचितपणा, अज्ञान व जातिभेद झांकला जातो, असा तिचा आशय होता. मेलेलें ढोर ओढण्याचें आणि मैला उचलण्याचें काम ज्यांच्या माथीं जन्मानें मारलेलें होतें, त्यांना खताच्या कृतीइतकीच त्या कामांतून सुटण्याच्या वाटेची गरज होती. आणि चौथें असें कीं, घाणा सुधारणें गांवाच्या हातीं होतें. तेलाच्या गिरण्यांविषयींचें धोरण गांवाच्या हातीं नव्हतें.

हे सारे आक्षेप खरे मानूनही कांहीं शिल्लक उरतें, आणि तें थोडें नाहीं. स्वातंत्र्यानंतर कुमारप्पा काँग्रेसच्या जमीनसुधारणा समितीचे अध्यक्ष होते. १९४९ सालीं तिचा अहवाल आला. देशाची वाट मात्र मोठ्या धरणांकडे व पोलादाच्या भट्ट्यांकडे वळली होती. कुमारप्पा मदुरेजवळच्या कल्लुपट्टीस जाऊन राहिले आणि ३० जानेवारी १९६० रोजीं, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशींच, वारले. १९७३ सालीं शूमाखर यांचें ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ निघालें, त्यांत कुमारप्पांच्या ग्रंथाचा आधार घेतलेला दिसला. १९८७ सालीं ब्रुंटलंड समितीनें पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणाऱ्या विकासाची व्याख्या केली, तेव्हां ती जगास नवी वाटली. आपल्याकडे अनिल अग्रवाल यांच्या संस्थेनें १९८२ सालीं देशाच्या पर्यावरणाचा नागरिकांनीं लिहिलेला अहवाल काढला आणि १९९२ पासून ‘डाउन टु अर्थ’ हें नियतकालिक सुरू केलें. आमच्या पिढीनें मात्र महाविद्यालयांत अर्थशास्त्राचे पाठ घेतले तेव्हां वर्ध्याच्या या हिशेबनिसाचें नांव आमच्या कानीं आलें नाहीं; तें परदेशी पुस्तकांतून वळसा घेऊन आमच्यापर्यंत पोहोंचलें, हें कबूल करतांना आम्हांस संकोच वाटतो.

आज उपाय सांगणाऱ्या लिखाणास तोटा नाहीं. अमक्या गांवानें तळें बांधलें, तमक्यानें सूर्याच्या उन्हावर पंप चालविला, अशा हकीकती आपण आनंदानें वाचतों, आणि वाचाव्यातही. परंतु त्यांपैकीं पुष्कळ हकीकती उद्घाटनाच्या हारांपाशींच संपतात. पांच वर्षांनीं त्या तळ्यांत पाणी आहे काय, तें कोणाच्या शेतास मिळतें, गाळ कोण काढतो, हें सांगावयास कोणी परत जात नाहीं. तक्रारीचा पुरावा मागावा तसा उपायाचाही मागितला पाहिजे. मगनवाडीच्या पत्रिकेचे सगळे तोडगे आपण स्वीकारावेत असें आमचें म्हणणें नाहीं. मगनदीप आतां कोणी लावणार नाहीं. तिची वही मात्र घेण्यासारखी आहे. हा उपाय सांठ्यांतून खर्च करतो कीं ओघांतून, आणि मजुरी कोणाच्या हातीं पडते, हे तिचे दोन रकाने. तिसरा रकाना तिनें पुरता भरला नाहीं. तो आपण भरावयाचा आहे: यांतले कष्ट कोणाच्या अंगावर पडतात? हे तिन्ही रकाने भरून जो उपाय आपल्यापुढें येईल, त्याच्याकरितां सकाळचा सुस्कारा थोडा वेळ आवरून धरण्यास हरकत नाहीं.